वय काय, मुलगी केवढी आणि गॅप का?

बाईला वय विचारू नये म्हणतात. पण तिने परदेशी शिकायला जायचं ठरवलं की पहिला प्रश्न वयाचाच येतो. दुसरा प्रश्न, मुलगी केवढी? तिसरा प्रश्न आपल्या माणसांचा नसतो, तो तिकडच्या विद्यापीठाच्या अर्जात असतो. पदवी मिळाल्यापासून आजपर्यंत काय काय केलंत ते महिन्या-वर्षासकट लिहा, मध्ये मोकळी जागा सोडू नका. बाळंतपणाचे महिने कुठल्या रकान्यात लिहायचे हे मात्र त्यात कुठेच दिलेलं नसतं.

मी तेहतीस वर्षांची. कापड्याची सून. पोलादपूरहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की आंबेनळी घाट चढायच्या आधी आमचं गाव लागतं. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून २०१४ साली केमिकल इंजिनीअर झाले आणि तेव्हापासून महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. मध्ये मुलगी झाली तेव्हाचं दीड वर्ष सोडलं तर खंड नाही. काम सांडपाण्याच्या तपासणीचं. कारखान्यातलं पाणी बाहेर सोडण्याआधी त्यात काय काय राहिलंय ते पाहायचं आणि वहीत आकडे लिहायचे. त्यातली एक चाचणी पाणी सत्तावीस अंशांवर तीन दिवस ठेवून करायची असते. युरोपात हीच चाचणी वीस अंशांवर पाच दिवस ठेवून करतात, कारण त्यांच्याकडचं पाणीच थंड. हे पुस्तकात वाचलं तेव्हा गंमत वाटली होती. पुढे वाटायला लागलं, की आकडे लिहिणं आपल्याला येतं, पण ते पाणी सुधारायचं कसं हे कुणीतरी नीट शिकवायला हवं. हे इथे शिकता येत नाही असं नाही. मुंबईत, पुण्यात येतं. पण मला जे हवं होतं, म्हणजे रासायनिक सांडपाणी पुन्हा वापरण्याजोगं करणं, त्यात जर्मन लोकांनी फार वर्षं डोकं घातलंय. तेव्हा पदव्युत्तर शिक्षण करायचं तर तिकडे, असं मनाने घेतलं.

मैत्रिणींनो, यानंतरची दोन वर्षं मी जे केलं त्याला लोक 'तयारी' म्हणतात. मला वाटायचं तयारी म्हणजे अभ्यास. प्रत्यक्षात अभ्यास त्यात जेमतेम चार आणे. उरलेले बारा आणे कागद, पैसा आणि माणसं.

माणसांपासूनच सुरुवात करते. आधी इंग्लंडचा विचार होता, कारण तिथला अभ्यासक्रम एकाच वर्षात संपतो. सात वर्षांच्या मुलीला ठेवून जायचं तर एक वर्ष बरं, असं आम्हा दोघांचं मत. मुलीला बरोबर न्यायचा विचार केला, पण २०२४ च्या जानेवारीपासून तिथे वर्षभराच्या साध्या मास्टर्सला जाणाऱ्यांना नवरा-मुलांना सोबत नेता येत नाही. संशोधनाच्या अभ्यासक्रमांना तेवढी मोकळीक आहे. म्हणजे जायचं तर एकटीनेच. खर्चाचा हिशेब मांडला तर फी, राहणं, आरोग्याचा अधिभार असं सगळं धरून आकडा चाळीस लाखांच्या घरात गेला. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, सहा महिन्यांची थोडी वर्गणी असते तेवढीच. (सरसकट असं धरू नका. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात २०१७ पासून बाहेरच्यांना सहामाहीला १५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी लावली आहे.) पण तिथे दोन वर्षं लागतात. एका वर्षाचे चाळीस लाख की दोन वर्षं आणि त्याहून बरेच कमी पैसे, हा वाद आमच्या घरात महिनाभर चालला.

तो मिटवला सासूबाईंनी. त्या म्हणाल्या, "वरीस काय नि दोन वर्षं काय. तुझे सासरे बारा वर्षं परळला होते गिरणीत. शिमग्याला नि गणपतीला यायचे. तेव्हा नाही कोणी मला विचारलं, पोरं केवढी हायत म्हणून."

आमच्या पोलादपूर-महाडकडच्या बायकांना यात नवीन काहीच नाही. घरटी एक तरी माणूस मुंबईला असं इथे पिढ्यान् पिढ्या चाललंय. भात लावायचं, नाचणी काढायची, म्हाताऱ्यांचं आजारपण, पोरांची शाळा, सगळं बाईने एकटीने ओढायचं आणि मनीऑर्डरची वाट पाहायची. बाप्या बारा वर्षं बाहेर राहिला तर तो पोटासाठी गेला. बाई दोन वर्षं गेली तर मुलीला टाकून गेली. मला गावात एकीने हे शब्दही ऐकवले. मी काही बोलले नाही, कारण तिचाही नवरा गेली दहा वर्षं भांडुपला आहे.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ती महाडची आहेही आणि नाहीही. चवदार तळ्यावरून मी कितीदा गेले असेन. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथे पाण्याची ओंजळ घेतली हे इथल्या पोरासोरांना माहीत असतं. पण त्या तळ्याच्या पायऱ्या उतरणारा माणूस तेव्हा कोलंबिया आणि लंडन अशा दोन विद्यापीठांत शिकून आलेला होता, आणि त्यातलं दुसरं शिक्षण त्यांनी नोकरी करून, पैसे साठवून, उसने घेऊन पुरं केलं होतं, हे आपल्या लक्षात येत नाही. माझा अर्ज भरताना मी ते पुन्हा वाचलं आणि एकदम जवळचं वाटलं.

पहिल्यांदा ते १९१३ साली अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार. न्यूयॉर्कहून ते लंडनला गेले, तिथे नाव घातलं, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. विद्यापीठाने पुन्हा येण्यासाठी चार वर्षांची मुदत दिली होती. बडोद्याच्या नोकरीत त्यांचं काय झालं, राहायला जागाही कशी मिळाली नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी धरली. त्या पगारातून काटकसर करून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा बोटीवर चढले. १९२१ ला एमएस्सी, १९२३ ला डीएस्सी.

आता हेच रमाबाईंच्या बाजूने पाहा. त्या वणंदच्या, दापोलीजवळच्या. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात. म्हणजे दोघंही आमच्या डोंगरापलीकडची माणसं. १९१३ साली नवरा गेला तेव्हा यशवंत काही महिन्यांचाच होता. नवरा चार वर्षांनी आला, तीन वर्षं राहिला आणि पुन्हा तीन वर्षं गेला. तोच पगार काटकसरीने वापरायचा म्हणजे कुणी वापरायचा? घर चालवणाऱ्या बाईनेच. त्यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हे पुस्तक बाबासाहेबांनी रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केलं आहे, पण ते वाचायला त्या नव्हत्या. १९३५ सालीच त्या गेल्या. परदेशच्या शिक्षणाची गोष्ट आपण नेहमी बोटीवर चढणाऱ्याची सांगतो. माझ्या बाबतीत बोटीवर मी आहे आणि रमाबाईंच्या जागी माझा नवरा आणि सासू. तो एसटीत नोकरीला आहे. पोळ्या अजून गोल येत नाहीत, पण वेणी घालायला शिकला आहे.

शिष्यवृत्तीचं म्हणाल तर आहेत, आणि आपल्या भागातल्या मुलींना त्या माहीत नसतात म्हणून सांगते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज आहे. दोन्हीत वयाची अट असते, तेव्हा पस्तिशीची वाट पाहू नका. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला दोन वर्षं कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झालं की दोन वर्षं मायदेशी परत यावं लागतं. बडोद्याच्या करारापेक्षा बरंच स्वस्त. टाटांचा जे. एन. टाटा एन्डोमेंट तर १८९२ पासून चालू आहे. ते कर्जाऊ शिष्यवृत्ती देतात. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले आणि के. आर. नारायणन लंडनला गेले ते याच मदतीने.

माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्यांसाठी खरी सोयीची होती ती जर्मनीच्या 'डाड' या संस्थेची. विकसनशील देशांतल्या, किमान दोन वर्षं काम केलेल्या लोकांसाठी त्यांची वेगळी योजना आहे, आणि त्यातले कितीतरी अभ्यासक्रम पाण्याचे, पर्यावरणाचे, ग्रामीण विकासाचे. वाचता वाचता मी हरखून गेले. मग खाली अट दिसली. शेवटची पदवी साधारण सहा वर्षांच्या आतली हवी. माझी त्याच्या कितीतरी आधीची. अट सगळ्यांना सारखी, त्यात कुणाचा वाईट हेतू नाही. पण पदवीनंतरच्या सहा वर्षांत आपल्याकडच्या मुलीचं काय काय होतं ते आठवून पाहा. लग्न, सासर, पहिलं बाळ आणि बाळाचं आजारपण. हे सगळं उरकून ती पुन्हा पुस्तकाकडे वळते तोवर सहा वर्षं संपलेली असतात. म्हणून ज्यांच्या घरात आत्ता इंजिनीअर, नर्स, फार्मसीवाल्या मुली नोकरीला लागल्या आहेत, त्यांनी ही सहाची अट भिंतीवर लिहून ठेवावी. मला शिष्यवृत्ती मिळाली नाही. स्वतःच्या पैशाने जायचं ठरलं.

आता कागद. माझी पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, पॅन माहेरच्या, बँकेत सासरचं. आपल्याकडे लग्नात बाईचं नुसतं आडनाव बदलत नाही, वडिलांचं जाऊन नवऱ्याचं नाव येतं, आणि काही घरांत तर पहिलं नावही तांदळात लिहून बदलतात. माझं तेवढं वाचलं. पण परदेशातल्या माणसाला ही तीन नावांची बाई आणि ती तीन नावांची बाई एकच आहे हे पटवायचं कसं? तर लग्नाच्या नोंदणीचा दाखला. तो गावात ग्रामसेवकाकडे होतो, पण आमच्याकडे लग्नाचे फोटो असतात, पत्रिका असते, हळदीची सीडीसुद्धा असते, दाखला नसतो. मी लग्नानंतर नऊ वर्षांनी नोंदणी केली. ज्यांच्या कागदांत जास्तच घोळ आहे त्यांना राजपत्रात नावबदल छापून आणावा लागतो. आणि एक सांगू का? लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा काही कायदा नाही. मी पासपोर्ट माहेरच्या नावानेच काढला, पदवीशी जुळेल असा. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "कागदावरच ना?"

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी २०२२ च्या नोव्हेंबरपासून एक नवीन पायरी आली आहे. आपली सगळी गुणपत्रकं, पदवी, दहावी-बारावीसकट 'एपीएस' नावाच्या कार्यालयाकडून तपासून घ्यायची. त्याचे अठरा हजार रुपये. खोट्या पदव्यांचा त्रास वाढला म्हणून हे आलं, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नाही, पण प्रत्येक सेमिस्टरचं गुणपत्रक हातात असावं लागतं. माझी एक मैत्रीण महाडला राहते. २०२१ च्या जुलैत सावित्रीचा पूर आला तेव्हा तिच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. तळये, साखर, केवनाळे इथे त्याच दिवशी दरडी कोसळून माणसं गेली, तेव्हा गुणपत्रकांचं रडणं कोण रडणार? तिने चिखलातून फाइल काढली, एकेक पान उशीखाली वाळवलं आणि नंतर सगळ्यांच्या दुय्यम प्रती काढण्यात वर्ष घालवलं. तिचं ऐकून मी माझे सगळे कागद स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवले. मूळ कागद प्लास्टिकच्या डब्यात घालून माळ्यावर, पापडांच्या डब्याशेजारी.

इंग्रजीचं. माझी शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. इंजिनीअरिंगला पुस्तकं इंग्रजी, बोलणं मराठी, भांडणं आगरी-कोकणी. आयईएल्टीएस या परीक्षेचे चार भाग असतात, ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. गुण नऊपैकी आणि ते दोनच वर्षं चालतात. अमेरिकेला जाणाऱ्यांना बरेचदा जीआरईही द्यावी लागते. ती २०२३ च्या सप्टेंबरपासून दोन तासांच्या आत आणली आहे आणि तिचे गुण पाच वर्षं टिकतात. मला तिची गरज पडली नाही.

वाचणं-लिहिणं जमत होतं. ऐकण्यात घाबरायला व्हायचं, कारण तिथे ध्वनिफीत एकदाच लावतात. माणूस भरभर पत्ता सांगतो, मध्येच "नाही नाही, चौदा नव्हे, चाळीस" म्हणतो आणि आपण चौदा लिहून बसलेलो असतो. पहाटे चारला उठून मी कानाला इयरफोन लावून भाकऱ्या थापायचे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते आणि रेंज फक्त परसातल्या फणसाखाली येते, म्हणून आदल्या दिवशी महाडला कंपनीच्या बसची वाट पाहताना सगळं उतरवून घ्यायचं. बोलण्याची परीक्षा तर अकरा ते चौदा मिनिटांची असते. समोरचा एक विषय देतो आणि दोन मिनिटं बोला म्हणतो. घरी सराव करायला इंग्रजी येणारं दुसरं कुणी नव्हतं. मुलीला समोर बसवायचे. तिला कळायचं काहीच नाही, पण मी अडखळले की ती घड्याळ थांबवायची. महिनाभरात मी दोन मिनिटं सावित्री नदीवर बोलू शकायला लागले, तेही न थांबता. परीक्षेला मुंबईला जावं लागलं, आदल्या रात्री चुलत नणंदेकडे. साडेसात आले. लागत होते साडेसहा.

सगळ्यात अवघड गेलं ते वेगळंच होतं. अर्जासोबत एक पत्र लिहायचं असतं. मला हे का शिकायचंय, मी आजवर काय केलंय, पुढे काय करणार आहे. दोन पानं. मी पहिला खर्डा लिहिला आणि लोणेऱ्याच्या एका जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवला. ती सध्या हॅम्बुर्गला असते. तिने तो लाल करून परत पाठवला. खाली लिहिलं होतं, "यात तू कुठे आहेस?" मी पुन्हा वाचलं. 'आमच्या विभागाने', 'साहेबांच्या मार्गदर्शनाखाली', 'मला संधी देण्यात आली', 'घरच्यांच्या पाठिंब्यामुळे'. दोन पानांत 'मी केलं' असं एकदाही नव्हतं. खरं तर गाळ कमी करण्याची जी पद्धत आमच्या कारखान्यात चार वर्षांपूर्वी बदलली ती मी सुचवली होती, सहा महिने आकडे मीच काढले होते. पण ते लिहायला हात धजेना. आपल्याला लहानपणापासून 'मी मी करू नये' हे इतकं घोटून शिकवलंय, की जिथे करायलाच हवं तिथेही तोंड उघडत नाही. चौथ्या खर्ड्यात कुठे 'मी' आली.

त्या काळात मी आनंदीबाई जोशींनी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या कॉलेजला पाठवलेलं पत्र वाचलं. अठरा वर्षांची मुलगी. शाळेचं रीतसर प्रमाणपत्र नाही, प्रवेशाच्या अटी पुऱ्या होतील की नाही याची तिला स्वतःलाच शंका. ते ती लपवत नाही. काय येतं तेवढं सांगते, आणि मग म्हणते की माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून औषध घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचंय. जातीचा, आप्तांचा विरोध सोसून मी इथवर आले, हे माझ्या अपुऱ्या तयारीच्या पारड्यात टाका, असंही सांगते. कुठेही गयावया नाही आणि फुशारकी तर नाहीच नाही. तिला प्रवेश मिळाला आणि १८८६ च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली. आजचे सल्लागार पत्र कसं लिहावं याचे वर्ग घेतात आणि हजारो रुपये घेतात. त्यांनी हे एक पत्र मुलींच्या हातात दिलं तरी पुरे.

सल्लागारांचा विषय निघालाच आहे तर सांगते. पुण्या-मुंबईत पावलोपावली त्यांची दुकानं आहेत. काही चांगले असतील. पण पुष्कळांना परदेशातल्या खासगी कॉलेजांकडून प्रत्येक विद्यार्थ्यामागे दलाली मिळते, आणि मग तुमच्यासाठी योग्य कॉलेज तेच निघतं जिथली दलाली जास्त. मी गेले होते एकाकडे. मी पाण्याचं म्हणाले, त्याने मला हॉटेल व्यवस्थापनापर्यंत आणलं. विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सगळं लिहिलेलं असतं, फुकट असतं, फक्त बसून वाचावं लागतं. आपण बायका रेशनकार्डापासून गॅसच्या अनुदानापर्यंतचे अर्ज भरतो, हा काही फार वेगळा नाही.

शिफारसपत्रांची एक गंमत. साहेब म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. आपल्याकडे सर्रास असंच चालतं. मी नको म्हटलं आणि कामाची यादी देऊन त्यांच्याकडूनच लिहून घेतलं. तीन आठवडे मागे लागावं लागलं. त्यांनी लिहिलेलं वाचलं तेव्हा कळलं, की माणूस आठ वर्षं आपलं काम पाहत होता आणि तोंडाने कधी एक अक्षर बोलला नव्हता.

पैशाचं आता. जर्मनीला फी नसली तरी वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच तिकडच्या खात्यात भरून दाखवावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून तो आकडा ११,९०४ युरो होता. तिथे गेल्यावर त्यातून दरमहा ठरलेली रक्कम आपल्याला मिळते. म्हणजे पैसे आपलेच, पण एकदम उभे करावे लागतात, साधारण बारा लाख. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत सहसा तारणाशिवाय, जामीनदारावर मिळतं. त्यापुढे तारण मागतात, आणि गावाकडच्या माणसाची गाडी तिथेच अडते. सातबाऱ्यावर आमच्या अकरा जणांची नावं आहेत आणि शेतजमीन बँका या कर्जाला सहसा घेत नाहीत. घर गावठाणात, त्याचा ग्रामपंचायतीचा उतारा मिळतो, पण बँकेला तेवढ्यावर भागत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून घरांची मालमत्ता पत्रकं देत आहेत. ज्यांच्या हातात ते पत्रक आलंय त्यांनी ते जपून ठेवावं, आणि बाईचं नाव त्यावर आहे का तेही एकदा पाहावं.

मी साडेसातच्या आतच कर्ज बसवलं. काही सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलत देतात, ती मागून घ्या, आपण होऊन सांगतीलच असं नाही. परतफेड शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होते आणि त्या व्याजावर आठ वर्षं आयकरात सूट असते. बाकीचे माझी शिल्लक, नवऱ्याच्या पतसंस्थेचं कर्ज आणि माझ्या दोन पाटल्या. पाटल्या मी विकल्या नाहीत, गहाण ठेवल्या. सोन्याचा भाव पाहता विकायला सगळेच सांगत होते. पण त्या आईच्या आहेत.

इंग्लंडच्या वेळी एक नियम वाचला होता, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे व्हिसासाठी पैसे सलग अठ्ठावीस दिवस खात्यात दाखवावे लागतात. ते खातं तुमचं स्वतःचं चालतं, आईवडिलांचं चालतं. सासूसासऱ्यांचं नाही. आपल्याकडे मुलगी दिली म्हणजे माहेरचा संबंध गणपती-दिवाळीपुरता, आणि तिकडच्या कायद्याला मात्र तिचे आईबापच तिचे वाटतात.

इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला पीएच.डी. करायला निघाल्या तेव्हा त्यांचं लग्न झालेलं होतं. सासरे साक्षात महर्षी कर्वे, ज्यांनी १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं. त्यांनाही सुनेचं परदेशी जाणं पसंत नव्हतं. नवरा दिनकरराव पाठीशी उभे राहिले, जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं आणि त्या गेल्या. हे मी घरात वाचून दाखवलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्या सासूबाईंचं काय म्हणणं होतं?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांचं म्हणणं कुणी लिहून ठेवलेलं मला कुठेच सापडलं नाही.

जूनमध्ये प्रवेशाचं पत्र आलं. यंदाच्या ऑक्टोबरात वर्ग सुरू होतील. व्हिसाचे कागद दिले आहेत, पासपोर्ट परत यायचा आहे. विद्यार्थ्याला तिथे वर्षाला एकशेचाळीस पूर्ण दिवस काम करता येतं, तेव्हा कर्जाच्या व्याजापुरतं तरी कमावेन असा हिशेब आहे. परत येईन का, हा चौथा प्रश्न हल्ली सुरू झालाय. शिक्षण संपल्यावर काम शोधायला अठरा महिने तिथे राहता येतं. राहीन की नाही, मला आज माहीत नाही, आणि तसंच मी सगळ्यांना सांगते. साहेबांना सांगितलं, मुलीला सांगितलं.

तिने सध्या वेळेचं गणित हातात घेतलंय. ती रात्री नऊला झोपते. तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील, म्हणजे मी वर्गातून सुटलेली असेन. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात, आणि मग इकडे नऊ तेव्हा तिकडे साडेचारच. त्या वेळी माझी प्रयोगशाळा असेल. तेव्हा हिवाळ्यात फोन सकाळी शाळेच्या आधी करावा तर तिकडे मध्यरात्र. रविवारचं ठरवलंय, दुपारी, फणसाखाली. सासूबाई म्हणतात, सगळ्या गावाचं घड्याळ एका दिवसात मागे कसं घेतात, आणि त्या दिवशी गाईची धार कधी काढतात?